भट्टीला सुट्टी

पहिली थप्पड बसली तेव्हा सुमित्राच्या हातात पूजेचं ताट होतं. दुसरीला ते गेलं. झेंडू शेडभर उधळला, नारळ गडगडत भट्टीच्या पायाशी जाऊन थांबला.

"काहून पाडला स्विच? कोणाला विचारून?" जगन्नाथने बायकोचा दंड धरून तिला भिंतीवर आपटलं.

"खंडेनवमी आहे ना," ती कशीबशी म्हणाली. "खमरियाच्या कारखान्यात बाबा आधी मशीन बंद करत, मग कुंकू लावत. मला वाटलं, हिलाही एक दिवस सुट्टी..."

"सुट्टी!" त्याने आणखी एक ठेवून दिली.

तिलवाऱ्याच्या रस्त्यावरच्या या खाजगी कंपनीत भट्टी, लाइट गेली तेवढा वेळ सोडता, गेल्या हिवाळ्यापासून पेटलेली होती. आत सिरॅमिकच्या पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या. एका बाजूने गॅस, दुसऱ्या बाजूने हवा, आणि त्यातून वीज. लालबुंद असताना या चकत्या मजेत असत. त्यांचा जीव घ्यायचा तो एकाएकी आलेला गारवा. सुमित्राने हीटर बंद केला, पण हवेचा पंखा दुसऱ्या लाइनवर. तो गार हवा फुंकत राहिला. जगन्नाथ गेटवरून सिलिंडर उतरवून आला, तेव्हा आतून टक्, टक् ऐकू येत होतं.

भट्टी सांभाळणाऱ्या या माणसाने तिचं तापमान कधी घाईने चढवलं नाही की उतरवलं नाही. घरी मात्र तो क्षणात भडकायचा, आणि संध्याकाळी गार पडला की गोरखपूर बाजारातून खोव्याची जलेबी आणायचा. लग्न झाल्यापासून हा रिवाज चुकला नव्हता. गेल्या खेपेला, घट बसले त्या दिवशी, सुमित्राने जलेबीला बोटही लावलं नाही. "आता हात उचलला तर मी भावाकडे खमरियाला जाईन. परत नाही येणार."

हे त्याला आठवलं तेव्हा त्याचा हात हवेत होता. तरीही तो खाली आला, तिच्या डोळ्यावर.

दसऱ्याला सुट्टी असूनही कादंबरी मॅडम आल्या. पुण्याहून आलेली ही तरुण शास्त्रज्ञ; तिनेच चकत्या रचल्या होत्या. आता तिने एक तुकडा चिमट्याने उचलून उजेडात धरला.

"ही कड पांढरी आहे जगन्नाथजी, म्हणजे चीर कालची. पण या बाकीच्या? काळ्या पडल्यात. भट्टीतल्या स्टीलचा मळ केव्हाचा यांत मुरलाय. लाइट गेली, भट्टी उतरली, आपण पुन्हा चढवली. दरवेळी एखादी बारीक चीर. वरून काही दिसत नाही. व्होल्टेज तर कधीपासून घसरत होतं."

"म्हणजे तिची चूक नव्हती?"

"स्विच पाडणं चूकच. पण हे काही काल मोडलं नाही."

जगन्नाथला एकदम हलकं वाटलं. तो तुकडा त्याने मागून घेतला, रुमालात बांधला आणि वाटेत गोरखपुरात जलेबी घेतली.

सुमित्रा पलंगाच्या कडेवर बसली होती. डावा डोळा सुजून बंद झालेला, पायाशी भरलेली बॅग.

"सुमे, तुझी चूक नव्हती. मॅडमच बोलल्या. हे पाह्य, काळी चीर म्हणजे जुनी, पांढरी म्हणजे कालची. ते आधीच गेलेलं होतं. आता काहून जाऊन राहिली?"

तिने तुकडा घेतला आणि उरलेल्या डोळ्याने बराच वेळ निरखला. मग बांगड्या मागे सारल्या, ब्लाउजची बाही खांद्यापर्यंत वर केली. दंडावर जांभळं होतं, हिरवं होतं, पिवळं पडत चाललेलंही होतं.

"अच्छा. मग यातलं कालचं कोणतं, सांगा."

तो वाकला. खरोखरच मन लावून पाहू लागला. घाबरत घाबरत त्याने एका डागावर बोट ठेवलं.

"हे?"

"ते घट बसले त्या दिवसाचं."

तुकडा जलेबीच्या पुड्यावर ठेवून तिने बॅग उचलली. त्याचा हात पुढे झाला, आणि अर्ध्यातच थांबला. एका डोळ्याने पायऱ्यांचा अंदाज येईना, म्हणून ती भिंतीला हात लावत उतरली. खाली ऑटोवाल्याला म्हणाली, "खमरिया चलो भैया."

ऑटोचा आवाज विरल्यावर जगन्नाथने दार लावलं, भट्टीचं लावायचा तसं, अलगद, कडी न वाजवता.