आठ दिवसांची शिडी

मी एक जुनी शिडी आहे. ऐनाच्या लाकडाचे दोन दांडे आणि तेरा पायऱ्या. मित्रांनो, माझा जन्म सरकारी मूर्खपणातून झाला, हे आधीच सांगते.

१९७९ साली मुळशी तालुक्यात आमच्या नदीवर पूल झाला. पौडच्या बाजूला तो रस्त्याला मिळाला. गावाच्या बाजूला मात्र दोन पुरुष उंचीवर हवेतच संपला. पूल एका खात्याचा, चढाचा मातीचा भराव दुसऱ्या खात्याचा. एकाचे पत्र दुसऱ्याला पोचले नव्हते.

गावातल्या कुशाबांनी साहेबांना विचारले, "सायेब, वर कसं जायाचं?"

"भराव आमच्याकडे येत नाही."

"मंग आमी काय पाखरं व्हायचं?"

"आठ दिवसांचा तर प्रश्न आहे," साहेब म्हणाले.

त्या आठ दिवसांसाठी मोहिद्दीनने मला बनवले. शेती सांभाळून तो सुतारकाम करी. त्याने नऊ पायऱ्या आखल्या होत्या. त्याची बायको सुलताना बघत उभी होती. "अवं, सोताच्या टांगा मोजून करताय व्हय? बायकांनी लुगड्यात चढायचं कसं? जवळ जवळ मारा." म्हणून तेरा झाल्या.

आठ दिवसांची तीन वर्षे झाली. माझ्यावरून दुधाच्या किटल्या चढल्या, शाळेची पोरे चढली, एक नवरी उतरली. एक खाते येऊन भरावाचे माप घेई. मग दुसरे येऊन ते चुकीचे ठरवी. दोन्ही खात्यांचे साहेब माझ्यावरूनच चढत-उतरत. लाज एकालाही वाटली नाही.

लाज वाटली ती उद्घाटनाच्या दिवशी. ऑगस्ट होता, नदी दुथडी भरलेली. मोठे साहेब पौडकडून येणार, फीत कापणार, फोटो निघणार. फोटोत शिडी दिसायला नको, म्हणून जयसिंग मुकादमाने मला वर ओढले, पलीकडे नेऊन सिमेंटच्या गोदामात टाकले आणि कुलूप लावले.

त्याच सकाळी भातखाचरात सुलतानाला नाग चावला.

बँड थांबल्यावर मला मोहिद्दीनची हाक ऐकू आली. "शिडी टाका रं! कुनी हाय का? शिडी!" हाक मारून मारून त्याचा घसा बसला होता. साहेबांच्या जीपगाड्या जेवायला निघून गेल्या होत्या. जयसिंगही त्यांच्याबरोबर, आणि किल्ली त्याच्या खिशात. समारंभासाठी आधीच पूल ओलांडून आलेल्या कुशाबांनी दगडाने कुलूप फोडले आणि मला पळत नेले.

मोहिद्दीन तिला पाठीशी बांधून चढला. पायऱ्या जवळ जवळ होत्या, म्हणून चढू शकला. पण दीड तास गेला होता. पौडचा दवाखाना गाठायच्या आतच सुलताना गेली.

चार दिवसांनी दोन्ही खाती पहिल्यांदाच एका जीपमधून आली. सरकारी गोदामाचे कुलूप कोणी फोडले, याची त्यांना चौकशी करायची होती.

भराव पुढच्या वर्षी घातला गेला. आता मी मोहिद्दीनच्या पडवीत आहे. दर पावसाळ्याआधी तो मला तेल लावतो, तेराही पायऱ्या हाताने दाबून बघतो. माझ्यावर कोणी चढत नाही.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. तुमच्यातले काही उद्या साहेब होतील. कुणाला 'आठ दिवस' म्हणण्याआधी एकदा इथे या, आणि पाठीवर माणूस घेऊन माझ्या तेरा पायऱ्या चढून बघा.