मावशीकडे, सँ-मार्तँ

तीन दिवस पायी चालून लेओंतीन बहिणीच्या दारात पोचली. बेर्तनं दार उघडून तिच्या मागे रस्त्यावर पाहिलं.

"एकटीच? ओडिल कुठंय?"

"म्हणजे ती अजून पोचली नाही?" लेओंतीन उंबऱ्यातच बसली. जर्मन विमानांच्या धाकानं अख्खा उत्तर फ्रान्स रस्त्यावर आला होता. एका पाववाल्याच्या लॉरीत एकाच पोराची जागा होती, म्हणून तिनं चार वर्षांची लेक त्यात बसवली आणि कोटाला चिंधी टाचली : 'ओडिल. मावशीकडे, सँ-मार्तँ.'

"जिल्हा घातलास ना, ताई?"

"आपल्या गावाला जिल्हा कशाला लागतोय!" ती बोलली मात्र, आणि तिला आठवलं, सँ-मार्तँ नावाची गावं देशभर आहेत.

दोघी गावच्या कचेरीत धावल्या. शाळेचे मास्तरच तिथली कारकुनी बघत. टपालखात्याच्या यादीवरून त्यांचं बोट खाली सरकत गेलं. पान उलटलं, पुन्हा उलटलं.

"या नावाची गावं किती आहेत हो?" बेर्तनं विचारलं.

"दोनशेच्या वर, बाई. सगळ्या देशाला गावाला नाव द्यायला हा एकच संत सापडला होता!" मग ते ओशाळले. "टेलिफोन बंद आहेत. पण सकाळी एक लॉरी छोट्या मुलीला सोडून गेलीय. शेजारी वर्गात बसवलंय..."

पुढचं ऐकायला लेओंतीन थांबलीच नाही. बाकावर एक पोर पाठमोरी बसली होती. तोच निळा कोट, तसल्याच दोन वेण्या.

"ओडिल!"

पोर वळली. दुसरीच होती.

लेओंतीनला तिचा भयंकर राग आला. एवढ्याशा पोरीचा राग! पण आला, खोटं कशाला बोला. त्या बाकावर तिची लेक हवी होती. ती पाय आपटत दाराकडे वळली.

"तू आत्या?" पोरीनं विचारलं. तिच्या कोटावरही चिंधी होती : 'कोलेत. आत्याकडे, सँ-मार्तँ.' हातातला पाव तिनं तोंडालाही लावला नव्हता.

लेओंतीन दारातच थबकली. कुठल्या तरी सँ-मार्तँमध्ये, अशाच एखाद्या बाकावर ओडिलही कुणा परकीला हेच विचारत असेल. आणि ती बाई 'नाही' म्हणून निघून गेली तर?

ती परत फिरली, बाकापाशी गुडघे टेकून बसली.

"हो गं. मीच आत्या."

पोरीनं तिला निरखून पाहिलं. "आत्या तर जाडी आहे."

"वाळले गं मी," लेओंतीन म्हणाली. "चल, आधी जेवू."