शोकपत्रकाशेजारी लाल कमान

डोक्याला काळा रुमाल, अंगात काळा झगा, पायात काळे मोजे, आणि मागणी काय, तर लाल फुग्यांची कमान! ट्रेंदाफिला आजी माझ्या दुकानाच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "दोन्का, शुक्रवारी बांधायची. आमच्या इमारतीच्या दारावर. गॅसची, आपली आपण तरंगणारी. ती लोखंडी सांगाड्यावरची नको, मेल्यासारखी उभी असते."

मे महिन्यात आमच्या स्लिव्हेन गावात मला श्वास घ्यायला उसंत नसते. बारावी संपली, की मुलं नटूनथटून शाळेच्या शेवटच्या मेजवानीला निघतात, आणि त्यांना निरोप द्यायला सगळी आळी दाराशी जमते. लग्नाची वरात परवडली, इतका थाट. आजीची नात झोर्नित्सा यंदा निघणार होती. पण तिची आई मिलियाना, आजीची एकुलती एक लेक, फेब्रुवारीत गेली. इमारतीच्या दारावर तिचं शोकपत्रक अजून चिकटवलेलं होतं, फोटोसकट, वर काळी फीत. वर्ष सरेपर्यंत अशा दारात गाणं-बजावणं करत नाहीत, ही आमची रीत.

"आजी, पांढरे फुगे घेऊ या का?" मी भीत भीत विचारलं.

"पांढरे कशाला? पोरीचा झगा लाल आहे. कापड तिच्या आईने निवडलंय, अंथरुणात पडल्या पडल्या." मग ती गल्ल्यावर वाकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पोर म्हणते, मी तळघराच्या दाराने जाते, मैत्रिणीकडे कपडे बदलते, कुणाला दिसायला नको. अगं, मिलियानाची मुलगी चोरासारखी जाणार? ती पुढच्या दाराने जाईल. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जाईल. तू फक्त कमान बांध."

आता सांगा, नाही कोण म्हणणार?

शुक्रवारी दुपारी मी गॅसची टाकी घेऊन पोचले. आमच्या गावचा वारा तुम्हाला ठाऊकच आहे, डोंगरावरून उतरला की कुणाची टोपी डोक्यावर ठेवत नाही. तरंगत्या कमानीचा हा पहिला वैरी, आणि दुसरा ऊन. उन्हात गॅस फुगतो, म्हणून फुगा कधी गच्च भरायचा नाही, थोडा मऊ ठेवायचा. नायलॉनच्या दोरीचं एक टोक मी वाळूच्या बादलीला बांधलं आणि वीतभर अंतरावर एकेक फुगा गाठीने अडकवत गेले. दोरी जड वाटता वाटता हलकी होते, मग हातातून निसटू बघते. दुसरं टोक दुसऱ्या बादलीला बांधलं आणि सोडलं, तशी कमान स्वतःच वर उठली. कितीदा पाहिलंय, तरी त्या क्षणी माझा हात आपोआप कपाळाकडे जातो आणि मी क्रूसाची खूण करते.

आजी पायरीवर बसून सगळं पाहत होती. जवळ पाण्याने भरलेली तांब्याची घागर, त्यात फुलांचा तुरा. निघणाऱ्या मुलीने ती पायाने लवंडायची, म्हणजे पुढची वाट पाण्यासारखी सरळ वाहते.

पहिल्या मजल्यावरची वेनेता बाजाराच्या पिशव्या घेऊन आली आणि जागच्या जागी थिजली. इमारतीत कोण कधी झाडतं, कोण कधी जिन्यात थुंकतं, सगळ्याची खबर हिच्याकडे.

"ट्रेंदाफिला, हे काय? लेकीचा फोटो दारावर आणि त्याच दारावर फुगे?"

"पुढचं दार एकच आहे गं. मग काय तुझ्या घराच्या दारावर बांधू?"

"वर्ष तरी होऊ द्यायचं!"

"पोर वर्षभर बारावीतच बसून राहणार का?"

अंगणातल्या बाकांवर बसलेले म्हातारे खिदळले. वेनेताचा नवरा पेयो सिगारेट ओढत खिडकीत उभा होता. तो म्हणाला, "वेने, वर ये, सूप गार होतंय."

"तू गप्प बैस!"

हळूहळू माणसं जमू लागली. कुणी फुलं आणली, कुणी नुसतंच मान खाली घालून उभं राहिलं. हसावं की रडावं, कुणालाच कळेना. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला. कमान दाराकडे झुकली आणि एक फुगा दारावरच्या दिव्याच्या गंजक्या हुकावर आपटून फटकन फुटला. मी बादल्या पुढे ओढल्या, दोरी ताणली. बाकी सगळे वाचले.

पण वेनेताचं बोट वर गेलं होतं. ओठ हलत होते. मोजत होती!

"चौतीस!" ती ओरडली. "बघा, चौतीस! जोडीचे!"

 आमच्याकडे जिवंत माणसाला फुलं द्यायची ती एक, तीन, पाच अशी विषम. जोडीची फुलं मेलेल्यांसाठी. लहान पोरालाही हे ठाऊक असतं, आणि मी पस्तीस फुगे मोजूनच बांधले होते.

"देवाने खूण दिली," वेनेता म्हणाली. "अजून काय हवं?"

त्याच क्षणी जिन्यावर झोर्नित्सा दिसली. लाल झगा, केस वर बांधलेले, एका हातात बूट. तिने ऐकलं होतं. चेहरा कागदासारखा झाला आणि ती पाठमोरी होऊन तळघराच्या जिन्याकडे वळली.

मी धावत टाकीपाशी गेले आणि घाईघाईत एक फुगा भरला. गाठ मारते तोच आजीचा हात माझ्या मनगटावर आला.

"राहू दे, दोन्का."

"आजी, एक लावला की विषम होतील. क्षणाचं काम आहे."

"राहू दे म्हटलं ना." ती उठली. गुडघे वाजले. एक हात तिने शोकपत्रकावर ठेवला, लेकीच्या फोटोवर, आणि दुसरा नातीकडे लांबवला. "जोडीचे आहेत ना? मग बरोबर आहेत. आज या दारातून दोघी निघाल्यात. तिची आई काय तिला एकटी सोडणार आहे?"

"देवाला काय वाटेल?" वेनेता पुटपुटली, पण आता आवाजात जोर नव्हता.

"देवाला?" आजी गर्रकन वळली. "वेनेता, ईस्टरपासून रोज माझ्या शेजारी उभी राहून चर्चमध्ये गातेस ना गं, मरण हरलं म्हणून? टिपेचा सूर लावतेस. मेणबत्त्या हलतात तुझ्या आवाजाने. ते गाणं काय फक्त छताखालीच खरं? बाहेर अंगणात आलं की मरण जिंकलं?"

वेनेताने पिशव्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या.

झोर्नित्सा जिन्यातच उभी होती. तिने आजीकडे पाहिलं, मग वर लाल फुग्यांकडे. खाली बसून तिने बूट घातले, एक, मग दुसरा, आणि चालत दाराशी आली.

बारावीची मुलं रस्त्याने आकडे ओरडत जातात, एकापासून बारापर्यंत. पहिला आकडा कोण म्हणणार? काळ्या रुमालातली ती म्हातारी छाती भरून ओरडली, "एक!"

"दोन!" खिडकीतून पेयो.

मग सगळं अंगणच. तीन, चार, पाच. फुलं घेऊन खाली बघत होते तेही. बाराला पोरीने घागरीला अशी लाथ मारली, की पाणी पायऱ्यांवरून वेनेताच्या चपलांपर्यंत आलं. कमानीखालून जाताना झोर्नित्साने हात वर करून एका फुग्याला स्पर्श केला. ती रडत होती, पण मान ताठ होती. तिला न्यायला आलेली गाडी कोपऱ्यावरून वळली, तरी तिचा भोंगा ऐकू येत होता.

मग आजीने घरातून चॉकलेटांचं ताट आणलं. आता खरी पंचाईत! मेलेल्याच्या नावाने काही दिलं, तर घेणारा म्हणतो, "देव तिला क्षमा करो." आनंदाचं दिलं, तर म्हणतो, "अभिनंदन." लोक ताटाकडे हात नेत आणि थबकत.

"काय म्हणायचं, आजी?" मीच विचारलं.

"दोन्ही म्हण. तोंड एकच असलं म्हणून काय झालं?"

मी दोन्ही म्हटलं. माझ्यामागून प्रत्येकाने म्हटलं, कुणी आधी हे, कुणी आधी ते. ताट फिरत फिरत वेनेतापुढे येऊन थांबलं. ती ओल्या चपलांत, पिशव्या हातात धरून तशीच उभी. आजीने ताट जराही मागे घेतलं नाही.

"घे सावकाश," ती म्हणाली. "मला कुठेही जायचं नाही."