सरांची तालीम

"कोण आहेस तू?"

"विमा कंपनीत कारकून."

फाडकन कानाखाली बसली.

"ते पोट भरायचं साधन झालं. तू कोण?"

"दोन मुलांचा बाप."

दुसऱ्या कानाखाली बसली. सर न्यायाच्या बाबतीत काटेकोर होते.

माणसावर ओळखींचे थर चढलेले असतात आणि ते बोलून निघत नाहीत, मारून निघतात, हा सरांच्या नाट्यदृष्टीचा गाभा. परिसंवादात त्यांनी हे मांडलं, तेव्हा जाणकारांनी माना डोलावल्या होत्या. त्यांतला एकही तालमीला फिरकला नाही.

मार खाणाऱ्याला सगळे हवालदार म्हणत, कारण आजवर त्याच्या वाट्याला फक्त हवालदाराच्याच भूमिका आल्या होत्या. या नाटकात तो प्रथमच नायक होता; बापाचा मार खाऊन मोठा झालेला मुलगा. त्यामुळे तो गाल आलटून पालटून पुढे करत होता.

कोपऱ्यात ताई शिलाई मशीनवर त्याचा सदरा शिवत होती. आधीच्या दोन सदऱ्यांवरचे रक्ताचे डाग निघाले नव्हते. ताई सरांची थोरली बहीण. आई लवकर गेली. भावाला हिनंच वाढवलं, शिकवलं. पोरगा बापावर जाऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं. तो नाटकात शिरला तेव्हा तिला हायसं वाटलं होतं.

"आता पट्टा," सर म्हणाले.

पट्टा खराखुरा हवा, असा त्यांचा हट्ट होता. म्हणून घरच्या ट्रंकेतला बाबांचा पट्टा ताईनेच काढून दिला होता. जड पितळी बक्कल. नाटकासाठीच तर मागतोय, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

पहिला फटका हवालदाराच्या पाठीवर बसला.

"सर, लागतंय हो!"

"लागायलाच हवं. कोण आहेस तू?"

तिसऱ्या फटक्याला मशीन थांबलं.

"बाळ्या, पुरे."

"ताई, इथे मी दिग्दर्शक आहे. तालमीत घरच्या नावानं हाक मारायची नाही."

"मग काय म्हणू? बाबा?"

खुर्च्यांवर बसलेले दोघं-तिघं नट फिसकन हसले. सर हसले नाहीत. पट्टा पुन्हा वर गेला, आणि हवालदाराच्या आत इतकी वर्षं शिपाईगिरी करत असलेला कोणीतरी जागा झाला. त्यानं पट्टा हिसकावला आणि बक्कलाकडच्या बाजूनं सरांच्या तोंडावर ओढला.

नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

सर कोसळले. त्यांनी गुडघे छातीशी घेतले, दोन्ही हात डोक्यावर गच्च धरले आणि आठ वर्षांच्या पोराच्या बारीक आवाजात म्हणाले, "चुकलो बाबा. परत नाही करणार. ताईला नका मारू."

मग कुणीतरी म्हणालं, "वा सर! याला म्हणतात आतलं शोधणं!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. हवालदारही पट्टा काखेत धरून टाळ्या वाजवू लागला. आपली भूमिका गेली नाही, हे त्याला उमगलं होतं.

ताई येऊन जमिनीवर बसली. अर्धा शिवलेला सदरा तिनं भावाच्या नाकाला लावला. "ऊठ बाळ्या. गेले ते."

टाळ्या थांबेनात. सर तिच्या आधारानं उठले आणि सवयीनं प्रेक्षकांसमोर वाकावं तसे वाकले. एक हात मात्र अजून डोक्यावरच होता.