साखरेचे गोंडे

आमची लेक मिना पुण्याच्या प्रयोगशाळेत साखरेवर काम करते असं तांड्यात सांगितलं, की लोक विचारायचे, कोणत्या कारखान्यात? माझं डोकंच फिरायचं. चहातली साखर नव्हे ती! विषाणू पेशीत शिरण्याआधी तिच्या अंगावरच्या साखरेला धरतो. मिना डोळ्यांना न दिसणारे कण बनवते आणि त्यांच्यावर तशीच साखर बसवते. विषाणूनं त्या कणांनाच चिकटून राहावं आणि पेशी वाचावी, एवढंच. मला मात्र हे समजायला दोन दिवाळ्या लागल्या.

पण चार वर्षं झाली तरी विषाणू काही फसेना. गेल्या दिवाळीत ती चेहरा पाडूनच घरी आली. सर म्हणाले होते, आता शेवटचा एक प्रयोग, नाहीतर काम बंद. मला वाईट वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. सेनगावच्या एका कॉलेजात जागा निघणार होती. पोरगी जवळ आली असती.

तिची आई, जमनाबाई, अंगणात ओढणी भरत बसली होती. मिना लहानपणी तिच्याकडूनच आरसे टाकायला शिकली. एक आरसा जरी हलला तरी जमना सगळी ओळ उसवायला लावायची. लेकरू रडायचं, पण उसवायचं. त्या दिवशी मिनानं ओढणीच्या काठाचा गोंडा हातात घेतला आणि बराच वेळ हलवत बसली.

"याडी, मी समदी साखर आरशावानी घट्ट बसवली," ती आईला म्हणाली. "हे गोंडे तू सैल काहून सोडतीस?"

"हलाया नको व्हय?" जमना म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी मिना पुण्याला गेली. या खेपेला तिनं साखर लांब, लवचीक साखळ्यांच्या टोकांना बांधली, म्हणजे विषाणू येईल तिकडं ती वळावी. इकडं जागा निघाली आणि मी तिला कळवून तिच्या नावाचा अर्ज भरून ठेवला. फक्त तिची सही राहिली होती.

परवा दुपारी फोन आला. प्रयोगाच्या बशीतल्या पेशी विषाणूपासून वाचल्या होत्या. औषध व्हायला अजून लई वर्षं लागतील, हे तिनं आधीच बजावलं. पोरगी अशीच आहे, यशसुद्धा हलवून बघणार.

मग ती म्हणाली, "बा, त्या अर्जाची तारीख कधी हाय? तुमाला तकलीफ होत असंल तर मी येते."

"तारीख गेली," मी म्हणालो.

अजून आठ दिवस होते. जमनाला ते ठाऊक होतं. तिनं हातातल्या ओढणीचा गोंडा सैल सोडला.