सगळ्यांच्या मागून हसणारा माणूस

"ताई, राग मानू नका, पण तुमचे सासरे सगळ्यांच्या मागून हसतात."

थिएटरच्या दारातली बाई हे म्हणाली तेव्हा गुंडीची आई खाली वाकून लेकीच्या बुटाची नाडी बांधत होती.

"म्हणजे?"

"म्हणजे सगळं थिएटर हसून मोकळं होतं, आणि मग यांचं हसू येतं. मी कडेला बॅटरी घेऊन उभी असते ना. सिनेमा पाठ झालेला असतो, मग माणसं बघते. जरा लक्ष द्या त्यांच्याकडे."

"अहो, वय झालंय. विनोद पोचायला वेळ लागतो," असं म्हणत गुंडीच्या आईनं नाडीला दुसरी गाठ मारली आणि जिना उतरेपर्यंत ती गोष्ट विसरूनही गेली. तिला काळज्या काय कमी होत्या? थिएटरच्या गारव्यानं लेक दोनदा शिंकली होती, पाण्याची बाटली खुर्चीखाली राहिली होती, आणि मघाच्या सिनेमातल्या वादळानं पोर रात्री घाबरून उठेल की काय, हा घोर होताच.

काळजी करणं हा तिचा पदवीनंतरचा अभ्यासक्रम होता, आणि त्यात ती पहिल्या वर्गात पास होत होती. मुलांचा एखादा अॅनिमेशनपट लागला की ती आधी सगळी माहिती काढायची. कुणी मरतं का, काळोखी गुहा किती वेळ दाखवतात, पिल्लू हरवतं का, आणि हरवलं तर लवकर सापडतं का. अशा सिनेमांत सुरुवातीलाच आईला का मारून टाकतात, हे तिला कधी उमगलं नव्हतं. तो तिला स्वतःचाच अपमान वाटायचा. तरी महिन्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी ती, गुंडी आणि आबा असे तिघं निघायचेच. गुंडीचा बाबा पांघरुणातूनच ओरडायचा, "निघाली तिन्ही पोरं कार्टून बघायला!"

आबा म्हणजे तिचे सासरे. उभा जन्म कापडाच्या कारखान्यात, विणकाम खात्यात गेलेला. एका रांगेतले माग सांभाळायचे, तुटलेला धागा शोधून जोडायचा, आणि भोंगा झाला की डबा उचलून घरी यायचं. कारखाना बंद पडला तसे ते घरी बसले. बोलणं मुळातच कमी, आणि सासूबाई गेल्यापासून ते आणखी कमी झालं, असं घरानं आपलं ठरवून टाकलं होतं. काहीही विचारा, उत्तर एकच. "हो, हो." टीव्हीवरच्या बातम्या लागल्या की उठून गॅलरीत जायचे. मोठ्यांच्या सिनेमाला चला म्हटलं तर हात झटकायचे. "त्यात माणसं नुसती तोंडं हलवत बसतात." पण या चितारलेल्या सिनेमांना मात्र आबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गुंडीच्या आधी दारात उभे!

तिघांचं तिकीट एका रांगेतलं, पण तिघं बघायचे तीन वेगळे सिनेमे. गुंडी बघायची कोण पडतं, कोण घसरतं, कुणाच्या डोक्यावर काय आपटतं. तिची आई बघायची थकलेलं असूनही थकलोय न म्हणणारं माणूस, मग ते अस्वल असो नाहीतर केटली. हमखास रडायची, आणि डोळ्यांत केस गेला म्हणायची. आबा काय बघायचे, हे कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

पुढे एक दिवस शाळेत बाईंनी गुंडीच्या आईला थांबवलं. "तुमची मुलगी हल्ली आवाज न काढता बोलते."

"म्हणजे कशी?"

"नुसते ओठ हलवते. भुवया वर नेते, गाल फुगवते. बाकीची मुलंही आता तसंच करायला लागलीत. वर्गात इतकी शांतता मी कधी बघितली नव्हती, पण मला भीती वाटते हो त्या शांततेची."

झालं. गुंडीच्या आईला नवी काळजी मिळाली. घरी जेवताना आजोबा-नात समोरासमोर बसून वेडीवाकडी तोंडं करतात, हे तिनं पाहिलं होतं. "तोंड वेडंवाकडं करू नकोस, वारं लागून तसंच राहील," म्हणून दटावलंही होतं. त्या माकडचेष्टा आता अंगाशी आल्या! का पोरीला ऐकूच कमी येतंय? त्याच आठवड्यात तिनं कानाच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली. सोबतीला आबा होतेच.

डॉक्टरांनी गुंडीच्या कानांवर हेडफोन चढवले, शिट्ट्या वाजवल्या, कागदावरची रेघ बघितली आणि हसले. "मुलगी ठणठणीत आहे. हिला शेजारच्यांचं भांडणसुद्धा ऐकू येत असेल."

"येतं," गुंडी म्हणाली. "काकू काकांना बैल म्हणतात."

"घरात दुसऱ्या कुणाला कमी ऐकू येतं का?"

"छे, छे," गुंडीची आई म्हणाली.

बाहेर येऊन तिनं हाक मारली, "आबा, चला, झालं." आबा बाकावर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते. गुंडी पळत जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली, ओठ हलवले, आणि आबा लगेच उठले. तिनं ते पाहिलं. पण लेक ठणठणीत निघाल्याच्या आनंदात माणसाला काय काय दिसतं आणि काय काय दिसत नाही!

त्यानंतरच्या रविवारी नवा सिनेमा लागला. एक म्हातारं कासव पाठीवरून सगळ्यांना नदी पार करून देतं, आणि एक बडबडं बेडकाचं पिल्लू त्याच्या पाठीवरून उतरायलाच तयार नाही, अशी गोष्ट. कासवाच्या मानेवरची सुरकुती न् सुरकुती दिसत होती, पाण्याचा थेंब ओघळताना त्यात उलटं आभाळ दिसत होतं. डोळे मात्र खऱ्या कासवाचे नव्हते. ते मोठाले होते, आणि त्यांत काय चाललंय ते शेवटच्या रांगेतूनही कळत होतं.

मध्येच एक पोपट पाठमोरा बसून काहीतरी खवचट बोलला आणि थिएटरात हशा फुटला. गुंडी खुर्चीत उसळली. तिची आई हसली. आणि मग, सगळं निवल्यावर, पलीकडून आबांचं हसू आलं.

सगळ्यांच्या मागून.

दारातल्या बाईचं बोलणं तिला आत्ता आठवलं. तिनं पडद्यावरची नजर काढली. लेकीवरचीही काढली, आणि त्या अंधारात पहिल्यांदा नुसतं सासऱ्यांकडे बघितलं. पोपट पुन्हा बोलला. आबांनी चटकन मान वळवली, गुंडीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, ती हसतेय हे बघितलं, आणि हसले.

पुढे एका जागी पिल्लू पलीकडच्या काठावर आपल्या माणसांत उड्या मारत निघून जातं. मागे वळूनही बघत नाही. कासव काही बोलत नाही. पाठीवर पिल्लू बसायचं तिथली ओली खूण वाळत जाते, आणि कासव सावकाश मान आत घेतं. ना गाणं, ना शब्द. थिएटरमध्ये अजून कुणीतरी पॉपकॉर्न चावत होतं. गुंडीची आईसुद्धा अजून रडायची होती. आणि आबांचा हात मात्र डोळ्यांकडे गेला होता. सगळ्यांच्या आधी.

शब्द आले की हा माणूस सगळ्यांच्या मागे असतो, आणि शब्द नसले की सगळ्यांच्या पुढे. मग तो सिनेमा कसा संपला, ते तिला कळलंच नाही.

बाहेर पुठ्ठ्याचं भलंमोठं कासव उभं केलं होतं. गुंडी त्याच्या पाठीवर चढायला धावली. आबा बाकावर बसून चष्मा पुसत होते. ती त्यांच्या मागे उभी राहिली.

"आबा, चहा घ्यायचा की सरळ घरी जायचं?"

आबा चष्मा पुसतच राहिले.

"आबा!"

शेजारच्या माणसानं वळून बघितलं. तेव्हा कुठे आबा वळले, तिचा चेहरा पाहून प्रसन्न हसले आणि म्हणाले, "हो, हो."

इतक्या वर्षांचे सगळे "हो, हो" एकदम तिच्या अंगावर आले. ती त्यांच्यासमोर येऊन बसली. "आबा, कधीपासून?"

ओठ बघून त्यांना प्रश्न कळला. चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला. "माग बंद पडले तेव्हा वाटलं, चला, आता शांत झालं. मग ते शांतच राहिलं."

"अहो, पण सांगायचं ना आम्हाला!"

"आमच्या खात्यात कुणालाच काही ऐकू यायचं नाही. शंभर माग एकदम चालायचे. आम्ही तोंडानंच बोलायचो, पण आवाज न काढता. भुवया, गाल, डोळे, सगळं मोठं करून. एकमेकांची टिंगल करायचो, लग्नं जुळवायचो, साहेब आला की पार दुसऱ्या टोकापर्यंत खबर पोचवायचो. ती भाषा यायची, म्हणून निभलं." त्यांनी थिएटरच्या बंद दाराकडे बोट दाखवलं. "हे सिनेमेवालेही तसंच बोलतात. आमच्या खात्यातले असावेत. खरी माणसं फार कंजूष, चेहरा खर्चच करत नाहीत."

"मग गुंडी…"

"तिला शिकवली. पटकन शिकली."

"तो विषय नाहीये, आबा. सांगितलं का नाही?"

आबांनी पुठ्ठ्याच्या कासवाकडे बघितलं. "सांगितलं असतं, तर शाळेतून येताना पोरीचा हात माझ्या हातात दिला असतास?"

तिनं "हो" म्हणायला तोंड उघडलं. पण खरं उत्तर तिच्या चेहऱ्यावर आधीच उमटलं असणार, कारण आबा मान हलवून एवढंच म्हणाले, "बघ."

तेवढ्यात गुंडी येऊन मांडीवर आदळली. "आई, आबाला रागावू नकोस. रस्त्यावर मागची बाजू माझी आहे."

"कसली मागची बाजू?"

"पुढचं आबा बघतो, मागचं मी ऐकते. सायकल आली की एकदा हात दाबायचा. मोठी गाडी आली की दोनदा."

ज्या हातानं आजोबा नातीला सांभाळून आणतात असं ती इतके दिवस समजत होती, तोच हात! तिला ओरडावंसं वाटलं. पण समोर दोन चेहरे तिच्याकडे बघत होते, दोघांच्याही भुवया सारख्याच उंचीवर गेलेल्या, आणि तिला हसूच फुटलं. मग डोळ्यांत केसही गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरांकडे तेच तिघं गेले. "या वेळी बरोबर पेशंट आणलात," डॉक्टर म्हणाले. कानात घालायच्या यंत्रांनी काही कान नवे होणार नाहीत, बरंच कायमचं गेलंय, हेही त्यांनी सांगितलं. थोडं आधी आला असता तर सवय लवकर झाली असती, एवढं मात्र त्यांनी हळूच तिला सांगितलं, आणि ते पुढे कैक दिवस तिला आठवत राहिलं.

यंत्रं बसवायच्या दिवशी आबा खुर्चीत ताठ बसले. डॉक्टरांनी कळ फिरवली. पंखा ऐकून ते दचकले, स्वतःच्या खोकल्याला घाबरले. मग गुंडी समोर येऊन, ओठांबरोबर आवाजही काढून म्हणाली, "आबा, मी बोलतेय. ऐकू येतंय?"

आबा बघतच राहिले. "हा… हा हिचा आवाज?"

"मग कुणाचा, शेजारच्या काकूंचा?" गुंडीची आई म्हणाली.

"इतका बारीक?" ते पुटपुटले. "मला वाटायचं, जरा जाडसर असेल. माझ्या आईसारखा. पोरीचा जन्म झाल्यापासून मी तिचा म्हणून तोच ऐकत आलोय."

सिनेमातल्या पात्रांना कुणीतरी कुठल्याशा बंद खोलीत बसून आवाज देतं, तसा या माणसानं आपल्या नातीला मनातल्या मनात आवाज दिला होता. जवळ जे आवाज होते, त्यांतला सगळ्यांत मायेचा.

"मग तो माझा आवाज कुठे गेला?" गुंडीनं विचारलं.

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं यंत्र उगाचच नीट केलं.

आता शाळेतून येताना गुंडीचे दोन्ही हात धरलेले असतात. एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला आई. मागची बाजू अजून गुंडीचीच आहे. ती तिनं सोडलेली नाही.

आणि महिन्यातला एखादा रविवारही चुकत नाही. थिएटरात शिरलं की आबा यंत्रं काढून शर्टाच्या खिशात ठेवतात. "इथे फार गोंगाट करतात. आणि इथे माझं चालतं." पोपट, माकड, कावळा, कुणीतरी पाठमोरं बसून खवचट बोलतंच. थिएटर हसून मोकळं होतं. गुंडीची आई मात्र तेव्हा हसत नाही. ती आबांकडे तोंड करते, भुवया वर नेते, गाल फुगवते आणि आवाज न काढता तो विनोद त्यांना सांगते. तिची भाषा अजून कच्ची आहे, एखादा शब्द दोनदा सांगावा लागतो. मग दोघं मिळून हसतात. दारातली बाई कडेला उभी राहून बघते, पण बॅटरी लावत नाही.

तेव्हा तुम्ही कधी अशा सिनेमाला गेलात, आणि सगळं निवल्यावर एखाद्या रांगेतून दोन हसू मागून आली, तर वळून बघू नका, ती ही दोघं. त्यापेक्षा घरी गेल्यावर एक करा. तुमच्याकडेही कुणीतरी असेल, कशालाही "हो, हो" म्हणणारं, बातम्या लागल्या की उठून जाणारं. त्यांच्या समोर बसा, उजेडात, तोंड त्यांच्याकडे करून. आणि मग विचारा, चहा घ्यायचा का म्हणून.