बर्फावरची टाच

गोविंदाचा पहिला फटका कानशिलावर बसला, दुसरा बरगडीत. तिसऱ्याला मी खळ्यातल्या हरभऱ्याच्या कुटारात, टोचऱ्या भुशात तोंडावर आपटलो. त्याच्या हातात नुसता कुऱ्हाडीचा दांडा होता, कुऱ्हाड नव्हती, एवढीच मेहेरबानी. मीही काही गरीब गाय नाही. फौजेत अकरा वर्षं काढलीत, त्याचं मनगट मोडायला मला वेळ लागला नसता. पण मी वडनेरला मार खायलाच आलो होतो.

त्याचा धाकटा भाऊ दीपक माझ्या तुकडीत होता. एकाच गावचे म्हणून मीच त्याला मागून घेतला होता. जानेवारीत बर्फाचा उतार ओलांडताना तो गेला. कागदावर 'नैसर्गिक दुर्घटना' लिहिलंय आणि त्या कागदापायी दोन महिने मला झोप नाही. सुट्टी मिळताच खळ्यात येऊन सांगितलं, खड्डा खणून उतार पारखायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. तेवढ्यावरच दांडा फिरला.

काम साधं असतं. खड्डा खणायचा, बर्फाचे थर उघडे करायचे, वरून थापटून एखादा थर सरकतो का ते पाहायचं. वर कडक कवच आणि खाली साखरेसारखा सुटा बर्फ निघाला, की मुकाट्याने माघारी फिरायचं. दीपकने फावडं काढलंही होतं. वारा कातडी सोलत होता आणि माझं डोकं फिरलेलं होतं. मी जोरात टाच मारली. पाय रुतला नाही.

"ठेव बे ते फावडं, वाफसा झाला," मी म्हणालो.

दीपक हसला आणि पुढे निघाला. पावसानंतर काळ्या रानात वाफसा झाला का, औत घालता येईल का, हे त्याचे वडील किसनराव असंच टाच मारून बघत. आम्ही दोघं लहानपणी त्यांच्याकडूनच ते शिकलो होतो.

वीस पावलांवर उतार कडाडला आणि आडवा फाटला. बर्फाच्या लाद्यांनी दीपकला फरफटत नेऊन खडकावर आपटलं. उकरून काढला तेव्हा मान उलटी वळलेली होती, नाकातोंडात बर्फ ठासून भरला होता. तो मेलाय हे कळत होतं, तरी मी बोटं घालून बर्फ काढत राहिलो.

चौथ्या फटक्याला किसनराव मध्ये पडले. त्यांनी आपल्या कोपरावर तो झेलला आणि दांडा धरून ठेवला. माझं तोंड रक्ताने भरलं होतं.

"हरिओम, खड्डा काऊन नाही खणला?" त्यांनी विचारलं.

सगळं ओठांवर आलं होतं, ती टाच, तो वाफसा, त्यांनीच शिकवलेलं. सांगून मोकळं व्हायची मला किती घाई झाली होती, त्याची आजही लाज वाटते. म्हातारा अनवाणी उभा होता, माझ्याकडे बघत.

"आळस केला, काका," मी म्हणालो. "थंडी वाजून राह्यली होती."

किसनरावांनी दांड्यावरचा हात काढला.

"हाण त्याले," ते गोविंदाला म्हणाले.